वाढलेलं

आई पडली त्या जागी अडखळण्यासारखं काहीच नव्हतं, हे सारंगला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. त्याचा अर्थ कळायला मात्र सात दिवस लागले. विद्यानगरच्या त्या जुन्या इमारतीत, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती शनिवारी सकाळी दहा वाजता पडली. जिन्याला रंग लावायचा म्हणून खालच्या तारामती आंटींनी आदल्याच दिवशी तिथलं सगळं गच्चीवर हलवलं होतं. आईच्या सात कुंड्या, त्यातल्या पाचांत नुसती माती. चाकं नसलेली सायकल. बाबांच्या काळातला कूलर, ज्यात आता कांदे असत. जिना इतका रिकामा झाला होता की हा जिना आहे हे कित्येकांच्या तेव्हाच लक्षात आलं. "इत्ता साफ कराई मैं बेटा, फिर बी गिर गए अम्मा," आंटी फोनवर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी होतीच, पण अपमानही होता, जणू त्यांच्या स्वच्छतेच्या निषेधार्थ आई पडली होती. तरी संध्याकाळपर्यंत एकच वाक्य सगळीकडे झालं: पसाऱ्यात अडखळली. सारंगने ऑफिसात तेच सांगितलं, पुण्याला मृण्मयीताईला तेच सांगितलं. ज्या बाईच्या घरात पाय ठेवायला जागा नाही ती मोकळ्या जागेत पडते, हे सांगायला गेलं तर दोनदा सांगावं लागलं असतं, आणि त्याचा फोन पाच टक्क्यांवर होता.

हिमायतनगरच्या दवाखान्यात तिच्या डाव्या मनगटाला प्लास्टर घातलं, भुवईवर तीन टाके घातले, आणि साखर फार चढली आहे म्हणून ठेवून घेतलं. हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी हाडं बघितली. त्यांनी विचारलं, घरात चालायला वाट आहे का? "वाट आहे," सारंग म्हणाला, "फक्त ओव्हरटेक करता येत नाही." डॉक्टर हसले नाहीत. सारंगलाही त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. तोंडातून असलं बाहेर पडायचं, उचकी लागावी तसं. बाबांच्या तिरडीला दोर कमी पडला तेव्हाही तो काहीतरी बोलून गेला होता, आणि सहा वर्षं झाली तरी ते वाक्य काय होतं हे तो स्वतःला आठवू देत नव्हता. खोटं मात्र नव्हतं काही. विद्यानगरच्या घरात दारापासून बेडरूमपर्यंत आणि बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत दीड फुटाची एक वाट होती, दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत, काही ठिकाणी खांद्यापर्यंत सामान. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, झाकणं नसलेले डबे आणि स्वतंत्रपणे डबे नसलेली झाकणं, काड्या तुटलेल्या एकोणीस छत्र्या, बाबांच्या प्रयोगशाळेतून सुटून आलेली लाकडी खोकी. हॉलमध्ये जिथे वाट उजवीकडे स्वयंपाकघरात वळायची तिथे बंद पडलेला फ्रिज, गावाच्या नावाची पाटी असावी तसा उभा. आत चादरी.

मृण्मयीताईने रविवारी फोन केला. तिला बोलताना यादी लागते. तिने केली होती. पुण्याबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, भिंतींना कठडे आहेत, बाग आहे, सकाळी प्राणायाम आणि दुपारी मातीकाम. "मातीकाम कशाला? आईकडे पाच कुंड्या माती आहे," सारंग म्हणाला. "सारंग, मी थट्टा करत नाहीये. पुढच्या रविवारी अकरा वाजता मला व्हिडिओवर घर दाखव. आई बेडरूमपासून किचनपर्यंत एकटी चालून गेली पाहिजे, कुणी हात न धरता. गेली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही गेली तर सोमवारी येऊन मी तिला घेऊन जाते. तू तिकडे दुसऱ्या टोकाला राहतोस, तासभर लांब. ती एकटी मरून पडेल त्या रद्दीत." ताईचं चूक नव्हतं, ही ताईची जुनी खोड होती. दवाखान्यात त्याने आईला भीत भीत विचारलं तेव्हा आईने चेहरा त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या आवाजाच्या जरा डावीकडे, वळवला आणि म्हणाली, "मला तिथून हलवू नका रे. तिथलं मला पाठ आहे." त्याला वाटलं, शेजारपाजार, भाजीवाला, चाळीस वर्षं, त्याबद्दल बोलते आहे. त्याने तिच्या उशीवर हात ठेवून सांगितलं, "तू ये तर. घर ओळखणार नाहीस." हे वाक्य त्याला पुढे बरेच दिवस पुरलं.

चार दिवसांची रजा टाकून त्याने घर उपसलं. मलकपेठचा अप्पाराव म्हणून भंगारवाला होता, रेसकोर्सच्या मागे त्याचं गोदाम. तो ट्रॉलीऑटो घेऊन दिवसातून दोन खेपा करी आणि प्रत्येक खेपेला दारात उभा राहून, देवळात आल्यासारखा, आधी चप्पल काढी. "सार, इत्ता माल एक अम्मा जमा करे? अकेले?" तो पहिल्या दिवशी म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात व्यवसायबंधूबद्दलचा आदर होता. सामान उचलताना सारंगला काही गोष्टी विचित्र वाटल्या आणि त्याने त्या गमती म्हणून बाजूला ठेवल्या. गठ्ठ्यांवर वर धूळ होती, खाली धूळ होती, पण कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंना एक पट्टा साफ होता, बसच्या दांड्यासारखा गुळगुळीत. फ्रिजच्या हँडलला लोकर गुंडाळलेली होती. बाथरूमकडच्या कोपऱ्यावर उपडं ठेवलेलं पातेलं, तिथून आत वळायचं तिथे टोचेल असा एक खराटा. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला एक रबरबँड, साखरेच्या बरणीला दोन, डाळींना तीन तीन, आणि एका बरणीला सात, तिच्यात काहीच नव्हतं. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या एका मोज्यात भरून ठेवलेल्या, मोजा फुगलेला, आत कुणाचा पाय असावा तसा. त्याने मोजा गाडीत टाकला. रबरबँड एकेक करून काढले, आणि बरण्याही गेल्या. त्या जागी त्याने एकसारख्या चोवीस काचेच्या बरण्या आणल्या, एकाच उंचीच्या, एकाच झाकणाच्या, आणि घरी बसून त्यांच्यावर मराठीत लेबलं छापली. त्याचं मराठी शाळेबाहेरचं होतं, त्यामुळे एका बरणीवर 'साकर' आणि एकीवर 'मिठ' झालं. पण आईला गंमत वाटेल म्हणून त्याने ते तसंच चिकटवलं.

एका गोष्टीपाशी तो थांबला होता. स्वयंपाकघराच्या फळीच्या अगदी डाव्या टोकाला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. उचलला तर खळखळला. आत हिरव्या बांगड्यांचे तुकडे. बाबा गेले त्या दिवशी तिने आपल्या बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता, न्हाणीघरात गेली, दार लावलं, आतून दोनतीनदा टकटक ऐकू आली आणि बाहेर येऊन ती म्हणाली, "वाढवल्या." बायकांनी माना डोलावल्या. सारंग तेव्हा चौतीस वर्षांचा होता, आणि दारापाशी उभा राहून त्याला भयानक हसू येत होतं, कारण त्या एका शब्दाने त्याचं सगळं लहानपण नासवलेलं होतं. आईच्या तोंडून मोडलं, फुटलं, तुटलं, विझलं असले शब्द कधी निघाले नाहीत. तसं बोलू नये. दिवा विझत नाही, वाढतो. नारळ फुटत नाही, वाढवतात. इतपत सगळेच बोलतात. आईचं मात्र हे पसरत गेलं होतं. कप वाढला. चष्म्याची काडी वाढली. खुर्चीचा पाय वाढला, हिच्यावर बसू नका. चौथीत असताना सारंगची पट्टी मोडली आणि त्याने इमानदारीत उभं राहून बाईंना सांगितलं, "टीचर, मेरी स्केल बढ़ गई." बाईंनी विचारलं, "कित्ती बढ़ी?" तो म्हणाला, "दो हो गई." त्यानंतर दहावीपर्यंत वर्गात कुणाचं काही फुटलं, फाटलं, कुणाचे गुण कमी आले, कुणाचा आजा मेला, तरी पोरं त्याच्याकडे वळून म्हणायची, "क्या रे सारंग, बढ़ गया क्या?" घरी येऊन तो रडला तेव्हा बाबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आपल्या घरात काही मोडत नाही बाळा, सगळं वाढतं. म्हणून तर जागा पुरत नाही." बाबा होते तोवर ते महिन्यातून एका रविवारी पहाटे, आई उठायच्या आत, वाढलेल्या चारदोन वस्तू पिशवीत घालून कुठेतरी सोडून येत. ते गेले आणि ते काम करणारं कुणी उरलं नाही. जी वस्तू मोडलीय असं तुमच्या तोंडून निघतच नाही, ती टाकायची कशी? बांगड्यांचा डबा त्याने अप्पारावापुढे धरला. अप्पारावाने झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. "काच नहीं लेते सार," तो म्हणाला, आणि त्या दिवशी चप्पल घालताना त्याने वर बघितलं नाही. डबा फळीवर परत गेला. चार दिवसांत त्या पसाऱ्यातून न गेलेली तेवढी एक वस्तू.

शुक्रवारी दुपारी तो तिला घेऊन आला. दार उघडून तो बाजूला झाला, घर दाखवायला आलेल्या मालकासारखा. हॉल नुसता चकाकत होता. चाळीस वर्षांनी फरशीचा रंग पिवळा आहे हे कळलं होतं. आई उंबऱ्यात उभी राहिली. तिचा उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे आला, हवेत थांबला, बोटं जराशी हलली, मग हात खाली गेला. "केवढं झालंय रे," ती म्हणाली. तिचा आवाज खोलीत फिरून परत आला आणि ती दचकली. "घुमतंय." "घुमणारच. क्रिकेट खेळता येईल." "हो," आई म्हणाली, "छान केलंस." ती भिंतीला खांदा लावून, हळूहळू, कडेकडेने बेडरूममध्ये गेली. टाके दुखत असतील, त्याला वाटलं. प्लास्टरचं ओझं असेल. संध्याकाळपर्यंत ती खाटेवरून उठली नाही, आणि त्याने दोनदा विचारलं की आवडलं का, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली की फार श्रम घेतलेस. तिला रडू आलेलं होतं, पण घर असं बघून रडू येणारच. व्हिडिओंत ज्यांची घरं आवरून देतात ते सगळेच रडतात.

शनिवारी सकाळी तो उठला तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता. आई भिंतीच्या कडेने तिथवर पोचली होती आणि एका हाताने चहा करत होती. तो दारात टेकून बघत राहिला. तिने ओट्यावरून हात फिरवत बरणी धरली, हलवून बघितली, कानाशी नेली, ठेवली, दुसरी घेतली. मग कपात चहा ओतताना उजव्या हाताची तर्जनी कपाच्या आत धरली, आणि चहा बोटाला लागला तशी थांबली. उकळता चहा होता. तिने तोंडाने आवाज केला नाही, फक्त बोट पदरात गुंडाळलं, सवयीचं असल्यासारखं. ते दोघं समोरासमोर बसले. त्याने घोट घेतला. मीठ. नुसतं मीठ नाही, दोन चमचे भरून, समुद्र. आईनेही घोट घेतला. तिचा चेहरा हलला नाही. ती दुसरा घोट घेणार तोच तो म्हणाला, "आई, साखर." ती कप खाली ठेवायला गेली आणि ठेवताना बशी कुठे आहे ते तिने कपाच्या बुडाने चाचपलं.

"बरण्यांना रबर होतं ना रे," ती म्हणाली. "मिठाला एक. साखरेला दोन."

"ते काढलं मी. आता लेबलं आहेत, आई. छापलेली. मोठ्या अक्षरात."

"हो का," आई म्हणाली. "काय लिहिलंयस?"

खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, तिच्या तोंडावर पडत होतं, आणि ती पापणी न हलवता त्याच्याकडे म्हणजे त्याच्या कानाकडे बघत होती. दोन वर्षांत त्याने पाठवलेल्या चार चष्म्यांपैकी सगळ्यात जाड चष्मा तिने लावलेला होता. तिच्या डोळ्यांसमोर त्याने हात हलवला. हे त्याने सिनेमात बघितलं होतं, आणि करतानाच त्याला स्वतःची किळस आली.

"हात हलवतोयस," आई म्हणाली. "वारा लागतो. उजेड कळतो रे समोरचा. बाकी काचबिंदूने घेतलं. मधलं सगळ्यात शेवटी गेलं, गेल्या दिवाळीला."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच नवल होतं. "फोन केला होता तुला. डोळे वाढलेत म्हणून."

हो. केला होता. दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी. सारंग मीटिंगमध्ये होता, एका कानात अमेरिकेतला माणूस आणि दुसऱ्या कानाला फोन. आई म्हणाली होती, "सारंग, माझे डोळे वाढलेत रे," आणि त्याने ऐकलं होतं, नंबर वाढला. तो म्हणाला होता, "वाढू देत, आई. दोनाचे चार होतील." पलीकडे आई थोडी थांबली होती. त्या थांबण्याची लांबी त्याला आता, मिठाच्या चहासमोर, बरोबर आठवली. अमेरिकेतल्या माणसाचं एक अख्खं वाक्य त्यात बसलं होतं. मग ती म्हणाली होती, "बरं, तू कामात आहेस," आणि त्याने त्याच रात्री चष्मा मागवला होता, दोनावर एक फुकट. जो शब्द जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा त्याला जास्त कळायला हवा होता, ज्या शब्दापायी त्याने सहा वर्षं चिडवणं सोसलं, तो शब्द तिने त्याच्याकडे दिला होता, आणि त्याने जणू वर्गातल्या बाईंसारखं विचारलं होतं, किती?

"अगं पण स्पष्ट सांगायचं ना!" तो ओरडला. रिकाम्या घराने ते वाक्य त्याला परत ऐकवलं.

"याहून स्पष्ट कसं सांगतात?" आई म्हणाली.

मग तिने सांगितलं, कपाच्या काठावर बोट फिरवत, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं. आधी टाकवत नव्हतं, हे खरंच. तुझे बाबा गेल्यावर एकेक वस्तू उचलायची आणि परत ठेवायची, त्यातच दिवस जायचा. लाज वाटायची. तारामती नाक मुरडायची, तेही कळायचं. मग बाजूचं दिसेनासं झालं, आणि एक दिवस वाटेत हात टेकला तर तो बरोबर गठ्ठ्यावर टेकला. तिथून पुढे मी सगळं रांगेला लावलं. फ्रिजला उजवीकडे वळायचं. तिथून नऊ गठ्ठे, की ओटा. पातेलं लागलं की संडास. जिन्यात कुंड्या मोजायच्या, सात झाल्या की तारामतीचं दार. "त्या दिवशी तीन पायऱ्या उतरले आणि कुंडीच येईना," आई म्हणाली. "मला वाटलं, मीच चुकले. म्हणून पुढे पाय टाकला." सात रबरांच्या बरणीत काय होतं, त्याने विचारलं, कारण दुसरं काही विचारण्याची ताकद नव्हती. "काही नाही. ती रांग संपली हे कळायला."

तो त्याच पावली मलकपेठला गेला. गोदामाच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं आणि भिंतीपलीकडे कुठेतरी घोडे फुरफुरत होते. अप्पारावाला त्याने सांगितलं की सगळं परत हवंय. अप्पारावाने आधी त्याला पाणी दिलं. "पेपर मिल को गए सार. फ्रिज खोल दिए कल्लेच. गैस अलग, पत्रा अलग." त्याने पत्रा दाखवला, फ्रिजचं दार होतं, सपाट, हँडल काढलेलं. लोकर कुठेच नव्हती. अप्पारावाने विचारलं, अम्मा गुस्सा होरे क्या? सारंग म्हणाला, नाही. तो म्हणाला, अम्मा कुछ नहीं बोलरे. अप्पारावाने दुसऱ्या कुणाच्या घरचे नऊ गठ्ठे त्याच्या रिक्षात घालून दिले. ते घेऊन तो दुपारी परत आला, हॉलमध्ये ओळीने मांडले, आईला बोलावलं. आईने पहिल्या गठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि काढून घेतला. "हे आपले नव्हेत," ती म्हणाली. "उंचीला कमी आहेत. आणि वास वेगळा येतो." तो म्हणाला, तेलुगू आहेत. "असतील," आई म्हणाली, आणि त्यांच्यावरून हात फिरवत दोन पावलं गेली, तिसऱ्याला तिचा गुडघा अडकला, आणि या वेळी सारंगने तिला धरलं. पसाऱ्यात अडखळली. म्हणजे आता ते वाक्य खरंही झालं होतं. गठ्ठे त्याने बाहेर जिन्यात ठेवले. संध्याकाळी त्याने फरशीवर चिकटपट्टी लावून बघितली, पाय लावून चालता येईल म्हणून. दोरी बांधून बघितली. आई प्रत्येक वेळी हो म्हणाली आणि प्रत्येक वेळी फ्रिजच्या जागी पोचल्यावर हात हवेत धरून उभी राहिली. पायाला कळत होतं, हाताला पटत नव्हतं. चाळीस वर्षांचं घर तिने पाठ केलं होतं आणि त्याने चार दिवसांत पाटी पुसली होती. एवढा एक विचार त्याच्या डोक्यात गरगरत होता, आणि त्याच्या खाली दुसरा, अगदी लहान, की ताईला सांगून टाकलं तर? बाग आहे. कठडे आहेत. ती तिथलंही पाठ करेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, अनोळखी माणसांच्या खोकल्यांवरून, नव्याने. त्याने तो विचार केला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असणार, पण बघायला कुणी नव्हतं.

रविवारी अकराला पाच कमी असताना त्याने फोन खिडकीत उभा केला. आई बेडरूमच्या दारात उभी, नीट पातळ नेसलेली, चष्मा लावलेला. स्क्रीनवर ताई आली. "अगं बाई!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला, शाळेतल्यासारखा. "सारंग, हे आपलंच घर? फरशी पिवळी आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं स्पष्ट दिसत होतं. "आई, चालून दाखव ना. किचनपर्यंत. सावकाश."

सारंग फ्रिजच्या जागी उभा होता. सकाळी दोघांनी मिळून ठरवलं होतं. उजवा हात कोपरात वाकवून, मनगटाला लोकर गुंडाळून. आई निघाली. पाच पावलं सरळ, सहाव्याला तिचा हात पुढे आला.

"सारंग, तू मधेच का उभायस? बाजूला हो, आई दिसत नाहीये."

तो हलला नाही. "फोन उचलायला आलो होतो," तो म्हणाला, आणि हलला नाही.

"मग उचल ना. असा खांबासारखा काय—"

"असू दे गं त्याला," आई म्हणाली. "तो तिथलाच आहे." तिची बोटं त्याच्या मनगटावर आली, लोकर चाचपून त्यांनी खात्री केली, जरा दाबलं, आणि ती तिथून उजवीकडे वळली, झोकात, चाळीस वर्षं वळत होती तशी. तिची पावलं स्वयंपाकघरात गेली. नऊ, त्याने मोजली. ओट्याला हात लागल्याचा आवाज आला.

"छान चालतेय की," ताई म्हणाली. तिने नाक पुसलं. "सॉरी हं. मी फार बोलले तुला. खरंच सॉरी. ती राहील तिथे. राहू दे तिला." सारंगने मान हलवली. त्याला जागेवरून हलता येत नव्हतं. आई परत येईपर्यंत तरी नाही. त्याच्या डोक्यात आलं की उद्या सोमवार आहे, उद्या ऑफिस आहे, आणि फ्रिजला कामाला जावं लागत नसे. आतून आईने फळीवरून हात फिरवल्याचा आवाज येत होता. बांगड्यांचा डबा खळखळला. "हा राहिला होय," आई स्वतःशीच म्हणाली, खूश होऊन. डावं टोक सापडलं होतं. मग पुढे एकसारख्या बरण्यांवरून बोटं वाजत गेली, टिक, टिक, टिक, एक, दोन, तीन, आणि प्लास्टरचा हात कशाला तरी लागला. काच फुटल्याचा आवाज रिकाम्या घरात इतका मोठा झाला की खिडकीतल्या फोनवर ताई मागे सरकली. एकापाठोपाठ किती बरण्या गेल्या ते मोजता येईना. आई अनवाणी होती.

"काय झालं? सारंग? काय पडलं?"

"काही नाही गं," आतून आईचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "वाढलं."

"काय म्हणाली आई?" ताईने विचारलं.

सारंग फोनपाशी गेला. स्वयंपाकघराच्या दारातून फरशीवर साखर की मीठ काहीतरी पांढरं बाहेर येत होतं, आणि त्यात तांबडं.

"वाढलंय म्हणते," तो म्हणाला. "जेवायला. आम्ही बसतो."

ताई स्क्रीनवर तशीच राहिली, तोंड जरा उघडं. तीही त्याच घरात वाढली होती. सारंगची पट्टी, आईचे कप, सगळं तिलाही ठाऊक होतं. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती, आणि त्या घरात कधीच कुणी एकच्या आत जेवलं नव्हतं.

"बरं," शेवटी ताई म्हणाली. "जेवा."

त्याने फोन बंद केला आणि चप्पल न घालता आत गेला.